अहवालातील प्रश्नचिन्ह

रक्ततपासणीच्या अहवालात, अगदी शेवटी, सही-शिक्क्याच्या वर कधी कधी एक प्रश्नचिन्ह असते. त्यापुढे एखाद्या व्याधीचे नाव लिहिलेले असते आणि ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ अशी एका ओळीची सूचना. रुग्ण ते प्रश्नचिन्ह खिशात घालून घरी जातो, रात्र जागून काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या चिकित्सालयाच्या दारात उभा राहतो. आपल्यापैकी प्रत्येकाने असा रुग्ण पाहिलेला आहे. त्याला काय सांगावे, काय देऊ नये आणि कोणाकडे कसे पाठवावे, याविषयी आम्हांला जे थोडेफार उमगले ते बरेचसे चुकांतून उमगले. त्या चुका व्यवसायबंधूंपुढे आणि औषधालये चालविणाऱ्या मित्रांपुढे ठेवाव्यात, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आमच्याकडे आले. वय ६१. थकवा, चढ चढताना धाप, मंदाग्नी, त्वचा व नखे फिकट, सायंकाळी पायांवर किंचित शोथ. जिव्हा, नेत्र, नाडी पाहिली. पांडूचे निदान करण्यास कोणतीच अडचण वाटली नाही. बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन पाहिले, ते ८.१ भरले. आम्ही नवायस लोह, पुनर्नवा मंडूर व द्राक्षासव लिहून दिले, पथ्य सांगितले आणि सहा आठवड्यांनी बोलावले. सांगितल्या दिवशी गुरुजी आले. भूक सुधारली होती, बरे वाटते असेही ते म्हणाले. हिमोग्लोबिन मात्र ७.८ होते. मधल्या काळात गावातल्या कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी ‘ताकदीची’ तीन इंजेक्शनेही घेतली होती.

त्या दिवशी आम्ही प्रथमच संपूर्ण रक्तगणना करून घेतली. ती पहिल्याच दिवशी करावयास हवी होती, हे येथेच कबूल करतो. श्वेतपेशी २,६००, प्लेटलेट ७४,००० आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, ११२. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी आणि तांबड्या पेशी मोठ्या. लोहाच्या अभावात पेशी लहान होतात, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. म्हणजे सहा आठवडे आम्ही जे लोह दिले, ते देण्यास काही आधार नव्हता. अहवालाखाली दोन नावे होती: मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया की मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, आणि अस्थिमज्जेच्या परीक्षणाची शिफारस.

यांतील पहिला व्याधी बी-१२ किंवा फोलेट यांच्या अभावाने होतो आणि योग्य उपचारांनी काही आठवड्यांत वळणावर येतो. दुसऱ्यात अस्थिमज्जेतील मूळ पेशीच बिघडलेली असते आणि काही रुग्णांत तो पुढे रक्ताच्या कर्करोगात परिणत होतो. एकात गोळ्या-इंजेक्शनांनी भागते, दुसऱ्यात आयुष्याचा हिशेब बदलतो. आणि तरीही सूक्ष्मदर्शकाखाली या दोहोंचे रूप फसवे सारखे असू शकते. बी-१२ च्या तीव्र अभावातील अस्थिमज्जा पाहून ल्युकेमियाची शंका घेतली गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. दोहोंना वेगळे करण्याचा सोपा मार्ग म्हणजे कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी रक्तातील बी-१२ मोजणे. गुरुजींच्या बाबतीत त्या तीन इंजेक्शनांनी हा मार्ग बंद करून टाकला होता. नंतर केलेल्या तपासणीत बी-१२ भरपूर दिसले. त्यावरून आधी ते किती होते, हे कोणालाच सांगता येईना.

जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थिमज्जा काढली गेली. अहवाल आला, ‘मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमची शक्यता’. तेथील डॉक्टरांनी ती शक्यता निश्चितीच्या स्वरात सांगितली. मुलगा जमिनीचा तुकडा विकून मुंबईस नेण्याच्या तयारीला लागला. मेहुण्यांजवळ शेजारच्या जिल्ह्यातील कोणा ‘रक्त पालटून देणाऱ्या’ गृहस्थाचा पत्ता होता. गुरुजींच्या पत्नी एकट्याच आमच्याकडे आल्या. “वैद्यबुवा, ह्यांना काही सांगू नका. पण मला खरं सांगा, कॅन्सर आहे का हो?”

“ताई, ते आज मला माहीत नाही. ज्यांनी हा कागद लिहिला, त्यांनाही नक्की माहीत नाही, म्हणून तर त्यांनी ‘शक्यता’ लिहिलं आहे. पण माहीत होईपर्यंत काय करायचं आणि काय करायचं नाही, ते सांगतो. आणि ते गुरुजींसमोरच सांगतो.”

हे उत्तर देताना आम्हांला संकोच वाटला नाही, असे नाही. वैद्याने ‘माहीत नाही’ म्हणणे रुग्णाला रुचत नाही आणि वैद्यालाही. परंतु चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात स्पष्टच सांगून ठेवले आहे, की प्रत्येक विकाराला ठरावीक नाव असतेच असे नाही आणि नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. हे वचन आपल्या सभांतून अनेकदा ऐकू येते. मात्र ते बहुधा ‘नाव कळले नाही तरी दोष पाहून चिकित्सा करावी’ या समर्थनासाठी येते. आमच्या मते त्यातील पहिला अर्धा भाग अधिक मोलाचा आहे. न कळलेल्याला भलतेच नाव देऊन मोकळे होऊ नये, हेही त्यात आले.

गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, हा विमानस्थानातील नियम सर्वांना परिचित आहे. रक्ताच्या विकारांत तो वापरताना मात्र एक सावधगिरी हवी. येथे ‘देऊन पाहू’ म्हणून दिलेले औषध पुराव्यावरच पाणी फिरवू शकते. बी-१२ घेतल्यावर बी-१२ ची तपासणी, लोह घेतल्यावर लोहाची, आणि रक्त चढविल्यावर तीन महिन्यांपर्यंत हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी भरवशाची राहत नाही. म्हणून नमुना आधी, उपशय नंतर.

मोठ्या पेशींच्या या पांडूचा मुंबईशी जुना संबंध आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज वैद्यक-संशोधिका मुंबईस आल्या. गिरणी कामगार वर्गातील गर्भवतींमध्ये तीव्र स्वरूपाचा पांडू आढळे. पेशी मोठ्या असत, आजार वरवर पाहता पर्निशस ॲनिमियासारखा दिसे, पण तो तो नव्हता. विल्स यांनी त्या स्त्रियांच्या आहाराचा शोध घेतला, प्रयोग केले आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, हा पांडू बरा होतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील कार्यकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. ‘हे त्याच्यासारखे दिसते, पण ते नव्हे’ एवढे म्हणून थांबण्याचे धैर्य विल्स यांनी दाखविले, म्हणून पुढचा शोध लागला.

आधुनिक वैद्यकाने तर या अनिश्चिततेलाच नावे दिली आहेत. रक्तात एकाच साच्याचे प्रथिन आढळते, पण मायलोमा नाही, अशा अवस्थेला रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये ‘अनिश्चित महत्त्वाची’ असे विशेषण देऊन नोंदविले. पुढील अभ्यासांत अशा शंभर रुग्णांपैकी वर्षाला सुमारे एकाच्या बाबतीत ती गंभीर व्याधीकडे वळते असे दिसले. बाकीचे नुसत्या देखरेखीवर असतात. तसेच चार महिने वा अधिक काळ पेशी कमी आहेत, ज्ञात कारणे शोधून झाली, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचे निकष मात्र पुरे होत नाहीत, अशा रुग्णांसाठीही स्वतंत्र संज्ञा आहे. रुग्णाला हे सांगितले की त्याचा चेहरा बदलतो, असा आमचा अनुभव आहे. ‘डॉक्टरांना काही कळत नाही’ आणि ‘या अवस्थेचे नावच अनिश्चित असे आहे’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

दुसरे मत कशाला म्हणावे

गुरुजींच्या मुलाने आमच्या सांगण्यावरून जमीन विकण्याचा विचार महिनाभर थांबविला. प्रश्न होता दुसरे मत घेण्याचा. याबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. पहिल्या डॉक्टरांचा छापील अहवाल घेऊन दुसऱ्याकडे जाणे आणि त्याने तोच वाचून मान डोलावणे, याला दुसरे मत म्हणता येणार नाही. रक्तविकारांत मत बनते ते काचपट्टीवरून. म्हणून मूळ रक्ताची व अस्थिमज्जेची काचपट्टी, अस्थिमज्जेच्या तुकड्याचा मेणातील ठोकळा, आणि पेशींची फ्लो सायटोमेट्री वा गुणसूत्रांची तपासणी झाली असल्यास तिचे मूळ निष्कर्ष, हे सारे मागून घेऊन दुसऱ्या, रक्तविकारांचाच अभ्यास असलेल्या पॅथॉलॉजिस्टसमोर ठेवावे लागते.

मागितले तर मिळते का? संकोच न करता मागावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यावर वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत देणे आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांवर बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नमूद आहे. काचपट्ट्या परत करण्याच्या अटीवर, सही घेऊन दिल्या जातात. गुरुजींच्या मुलाला तीन खेपा घालाव्या लागल्या, पण मिळाल्या. एका खेपेस ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असे त्याला ऐकून घ्यावे लागले. असे बोलणारे सर्वच पद्धतींत आहेत. आपला रुग्ण दुसऱ्या वैद्याकडे गेल्याचे कळल्यावर आपल्या कपाळावर आठी येते की नाही, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. तद्विद्यसंभाषेत संधाय संभाषा, म्हणजे स्नेहभावाने केलेली चर्चा, हा प्रकार आपल्याच शास्त्राने सांगितला आहे. पक्व गुल्माच्या चिकित्सेत चरकाचार्य तो अधिकार धान्वंतर संप्रदायाचा, म्हणजे शल्यवैद्यांचा, म्हणून बाजूला होतात. इतक्या मोठ्या ग्रंथकर्त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

रुग्णासोबत आम्ही एक पत्र दिले. त्यात लक्षणांचा आरंभ, सर्व तपासण्यांच्या तारखा आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आम्ही दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, मात्रा, निर्माता व बॅच क्रमांक लिहिला. हे पत्र लिहिणे आपल्यापैकी अनेकांना नकोसे वाटते. ‘भस्म दिले’ असे लिहिले की सारा दोष आपल्या माथी येईल, ही भीती निराधार नाही. आमचे असेच एक पत्र पूर्वी एका मोठ्या रुग्णालयात न वाचता बाजूला सारले गेले होते. पण या वेळच्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी पत्र वाचून आम्हांला दूरध्वनी केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “यात नाग किंवा पारद आहे का?” आमच्या नोंदीनुसार नव्हते. तरीही त्यांनी रक्तातील शिसे तपासून घेतले, आणि ते योग्यच केले. शिशाच्या विषबाधेने पांडू होतो, पोटात शूल होतो, आणि कारण माहीत नसेल तर त्या रुग्णाची भलत्याच दिशेने तपासणी होत राहते. २००८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. त्या अभ्यासावर आपल्याकडे पुष्कळ रोष व्यक्त झाला. रोष करण्यापेक्षा प्रत्येक बॅचचे तपासणीपत्र फडताळात ठेवणे अधिक उपयोगी, असे आम्ही तेव्हाही म्हणत होतो.

गुरुजींच्या काचपट्ट्या पाहून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत पडले, की पेशींच्या आकारात बिघाड आहे, पण अर्धवट उपचार झालेल्या बी-१२ अभावातही तो दिसू शकतो. आज नाव देणे घाईचे होईल. तज्ज्ञ बाईंनी बी-१२ व फोलेट पूर्ण मात्रेत आठ आठवडे दिले. थायरॉईड, यकृत, एचआयव्ही आणि रक्तातील तांबे या तपासण्या केल्या, मद्यपानाची चौकशी केली, आणि चार महिन्यांनी अस्थिमज्जा पुन्हा पाहण्याचे ठरविले. तोपर्यंत आमच्याकडील एकही धातुकल्प चालू ठेवायचा नाही, असे आम्ही स्वतःहून कळविले.

आता थोडे औषधालयाच्या फळीवरचे

पांडूसाठी लोह ही समजूत आपल्या ग्राहकांच्या मनात पक्की आहे आणि ती पक्की करण्यात आपलाही हात आहे. नवायस चूर्णात नऊ वनस्पतिद्रव्यांइतकेच वजनाने लोहभस्म असते. म्हणजे निम्मे लोहच. शरीराला मात्र जादा लोह बाहेर टाकण्याचा मार्ग जवळजवळ नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम काय ते जाते. थॅलसेमियाच्या ज्या बालकाला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात दर पिशवीमागे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह साठते आणि ते हृदय व यकृत यांचा नाश करते. अशा बालकाची आई ‘रक्त वाढवायचे औषध’ मागावयास काउंटरवर येते. तिला मंडुराची बाटली देणारा विक्रेता दुष्ट नसतो. त्याला कोणी सांगितलेले नसते.

थॅलसेमियाचे वाहक तर याहून फसवे. एक नवविवाहिता तीन महिन्यांची गर्भवती असताना आमच्याकडे आली. शाळेपासून लोहाच्या गोळ्या, सिरपे, आसवे चालू होती. हिमोग्लोबिन ९.८ च्या वर कधी गेले नाही. एमसीव्ही ६२, परंतु तांबड्या पेशींची संख्या ५२ लाख. पेशी लहान, पण संख्येने भरपूर. अशा वेळी एमसीव्हीला दशलक्षांत मोजलेल्या पेशीसंख्येने भागावे. भागाकार १३ हून कमी आला तर वाहकत्वाची शंका घ्यावी. येथे तो १२ च्या आत आला. ही केवळ शंका. निश्चिती एचपीएलसीने, तीही लोहाचा अभाव सोबत आहे का ते पाहून, कारण लोहाभावात हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण खाली येऊन वाहकत्व झाकले जाऊ शकते. मुलगी वाहक निघाली. पतीची तपासणी होईपर्यंतचे पाच दिवस त्या घराने कसे काढले, ते आम्ही पाहिले आहे. दोघेही वाहक असते तर प्रत्येक गर्भाला थॅलसेमिया होण्याची शक्यता चारांत एक. पती वाहक नव्हता. पण हे पाच दिवस लग्नाआधी, निवांतपणे काढता आले असते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असल्याने तेथे काम करणाऱ्या वैद्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या भागांतील आपल्या सभासदांना सिकलसेलविषयी आम्ही काय सांगावे! १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून चाळिशीपर्यंतच्या कोट्यवधी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले आहे. एवढेच नोंदवितो, की विद्राव्यतेची प्राथमिक चाचणी वाहक व रुग्ण यांत भेद करीत नाही. ती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून कोणाचे लग्न मोडू नये आणि कोणाच्या सांधेदुखीला आमवात म्हणू नये. गुंतागुंतीच्या नमुन्यांसाठी मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे.

प्लेटलेटबद्दल एक प्रसंग. ताप येऊन गेलेल्या एका व्यापाऱ्याच्या प्लेटलेट ३८,००० वर अडकल्या होत्या. रक्तस्राव नाही, त्वचेवर ठिपका नाही. तीन आठवडे पपईच्या पानांचा रस चालू. काचपट्टीवर प्लेटलेटचे पुंजके दिसले. जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीएमुळे काही व्यक्तींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला त्या मोजता येत नाहीत. सुमारे हजारात एकाच्या बाबतीत असे घडते. निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत रक्त घेतल्यावर संख्या दोन लाखांच्या वर निघाली. ही तपासणी योगायोगाने आपल्या औषधानंतर झाली असती, तर आपण त्याचा ‘यशस्वी रुग्णानुभव’ छापला असता, हेही मनाशी कबूल केलेले बरे.

मात्र दुसऱ्या मताची वाट पाहण्यास जेथे सवड नाही, त्या अवस्था वेगळ्या. हिरड्या वा नाकातून रक्त आणि अत्यल्प प्लेटलेट, श्वेतपेशी फार कमी असताना ताप, काचपट्टीवर अपक्व पेशी, बसल्या जागी धाप: असा रुग्ण त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावा. ल्युकेमियाच्या एका प्रकारात पहिल्या काही दिवसांतील रक्तस्रावच जीव घेतो, आणि वेळेवर पोहोचल्यास तोच प्रकार बहुतांशी बरा होतो. त्यावरील एक औषध आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल आहे, हे ऐकून काही मित्रांचा उत्साह वाढतो. चीनमधील हार्बिन येथे १९७० च्या दशकात त्याचा आरंभ झाला हे खरे. पण ते शिरेतून, मोजून, हृदयाच्या आलेखावर डोळा ठेवून दिले जाते. आपल्या मल्लसिंदुराच्या पुडीशी त्याचा संबंध जोडू नये.

गुरुजींची दुसरी अस्थिमज्जा ठरल्याप्रमाणे झाली. हिमोग्लोबिन ९.६ पर्यंत चढून थांबले होते, एमसीव्ही १०४, प्लेटलेट ९१,०००. गुणसूत्रे निर्दोष. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचे निकष पुरे होत नाहीत, कारण अनिश्चित, दर तीन महिन्यांनी रक्तगणना, असे तज्ज्ञ बाईंनी लिहिले. म्हणजे सुधारणा अर्धी झाली. त्यातील किती बी-१२ ची आणि किती काळाची, हे सांगता येत नाही. आमच्या सहा आठवड्यांनी आणि त्या तीन इंजेक्शनांनी हे उत्तर कायमचे धूसर केले.

“म्हणजे मला झालंय काय?” गुरुजींनी आमच्या टेबलावर फाइल ठेवीत विचारले. आम्ही पुन्हा सगळे सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “निकाल राखून ठेवला आहे म्हणा की.”

तेव्हापासून ते चौकटीच्या वहीत आपल्या रक्तगणनेचा आलेख काढतात. तीन रंगांच्या तीन रेघा. दीपन-पाचनाचे साधे औषध आणि पथ्य आमच्याकडून, तेही तज्ज्ञ बाईंना कळवून. ताप आला किंवा अंगावर निळसर डाग दिसला तर वाट न पाहता कोठे जायचे, तो क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला आहे, पत्नीच्या अक्षरात. मागच्या खेपेस तांबडी रेघ थोडी खाली आली होती. त्यांनी ती आम्हांला बोटाने दाखविली, पुढच्या तारखेवर पेन्सिलीने बारीक खूण केली आणि वही मिटली.